बंदी घालून खेळ जगतो का? आयर्लंडनं करून बघितलं, त्याची गोष्ट

गेल्या महिन्यात आमच्या गावात मैदानाच्या प्रश्नावर बैठक झाली. बातमीसाठी मी गेलो होतो. ज्या जागेवर चाळीस-पन्नास वर्षं कबड्डी आणि खो-खो चालत आलं, ती जागा भाड्यानं देऊन तिथं टर्फ करायचं घाटतंय. म्हणजे चारी बाजूंनी जाळी, खाली प्लॅस्टिकचं गवत, वर फ्लडलाइट आणि तासाच्या हिशेबानं बॉक्स क्रिकेट. मी स्वतः त्या मातीत गुडघे फोडून घेतलेत, त्यामुळे बातमीदार म्हणून तटस्थ वगैरे काही नव्हतो, हे आधीच सांगतो.

बैठकीत एक ज्येष्ठ उठले आणि म्हणाले, "या क्रिकेटनं आपले देशी खेळ खाल्ले. गावात क्रिकेटवर बंदीच घाला!" जोरात टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, मीही वाजवल्या.

तेवढ्यात मागच्या बाकावरून दहावीतला एक पोरगा म्हणाला, "पण काका, आम्हाला दोन्ही खेळायचंय."

लोक हसले, विषय पुढं सरकला, चहा आला. उत्तर कुणीच दिलं नाही. मला मात्र ते वाक्य घरापर्यंत चिकटून आलं. कारण ज्येष्ठांनी जे सुचवलं, ते एका देशानं खरंच करून बघितलंय, तेही एक-दोन वर्षं नाही, साठ-सत्तर वर्षं. त्याचं पुढं काय झालं हे आपल्याला माहीत असायला हवं, म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आधी एक साधा प्रश्न. फुटबॉल सगळ्या जगानं घेतला. 1863 साली लंडनमध्ये त्याचे नियम ठरले आणि इंग्रजांच्या जहाजांबरोबर, रेल्वे बांधणाऱ्या इंजिनिअरांबरोबर, व्यापाऱ्यांबरोबर तो ब्राझील-अर्जेंटिनापर्यंत पोचला. पण गंमत बघा. इंग्लंडला भाषेनं आणि रक्तानं सगळ्यात जवळचे जे देश, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि शेजारचा आयर्लंड, तिथंच त्याला पहिला मान मिळाला नाही. असं का?

एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तसलाच प्रकार आहे. लोकांच्या मनात मोठ्या खेळांना दोन-तीनच जागा असतात. ज्यानं आधी रुमाल टाकला, त्याची जागा. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला 1859 सालीच स्वतःच्या फुटबॉलचे नियम लिहिले गेले होते, लंडनच्या नियमांच्या चार वर्षं आधी. ते लिहिणाऱ्यांत टॉम विल्स नावाचा नामांकित क्रिकेटपटू होता. इंग्लंडचा फुटबॉल तिकडं पोचला तेव्हा खिडकीची सीट गेली होती.

अमेरिकेची गोष्ट आणखी मजेशीर आहे. तिथं आधी क्रिकेट होतं. 1844 साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिका विरुद्ध कॅनडा असा क्रिकेटचा सामना झाला, पहिला आंतरराष्ट्रीय सामना म्हणून तोच ओळखला जातो. पण 1861 ते 1865 यादवी युद्ध झालं. छावणीत खेळपट्टी कोण तयार करणार? बेसबॉलला बऱ्यापैकी मोकळं रान पुरतं, आणि सामना काही तासांत संपतो. सैनिक घरी गेले ते बेसबॉल घेऊन. पुढं विद्यापीठांनी रग्बीची मोडतोड करून आपला वेगळा फुटबॉल केला. सॉकरला जागा उरली ती दाराजवळ, उभं राहायची.

मग अमेरिकेनं आणखी एक काम केलं. बेसबॉल इंग्लंडच्या जुन्या खेळांतून आला हे मान्य करायला नको, म्हणून 1905 साली एक समिती नेमली गेली आणि दोन-अडीच वर्षांनी तिनं जाहीर केलं की बेसबॉल अ‍ॅबनर डबलडे या माणसानं 1839 साली कूपर्सटाऊन गावात शोधला. ही कथा खरी नाही, हे इतिहासकारांनी केव्हाच दाखवून दिलंय. पण बेसबॉलचं संग्रहालय आजही त्याच गावात आहे. खेळ आपला म्हणायला कागद लागतो आणि कागद नसेल तर माणसं कथा रचतात.

आता आयर्लंड. इथं रुमालाचं उदाहरण पुरत नाही. कारण आयर्लंडमध्ये जागा रिकामी नव्हतीच. तिथं क्रिकेट बसलं होतं.

हो, क्रिकेट. 1860-70 च्या दशकात आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत क्रिकेटच्या टीम होत्या. टिपरारी आणि किल्केनी, म्हणजे आज ज्या भागांना त्यांच्या देशी खेळाची पंढरी म्हणता येईल, तिथंसुद्धा. जमीनदाराच्या वाड्यासमोरच्या हिरवळीवर जमीनदार, त्याचे नोकर आणि कुळांची पोरं खेळायची. आयरिश स्वराज्याचा मोठा पुढारी चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल हा स्वतः क्रिकेट खेळणारा माणूस. देशी खेळ होता हर्लिंग. अ‍ॅश लाकडाची वाकडी काठी, मुठीएवढा चेंडू आणि जिवाच्या आकांतानं धावणारी माणसं. खेळ फार जुना, पण मरायला टेकलेला. 1845 नंतरच्या दुष्काळात बटाट्याचं पीक गेलं, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. गावंच्या गावं ओस पडल्यावर खेळणार कोण?

अशा वेळी मायकल क्यूसॅक नावाचा मास्तर पुढं आला. त्याचा धंदा काय होता माहितीय? डब्लिनमध्ये स्पर्धा परीक्षांचा क्लास! इंग्रज सरकारच्या नोकरीसाठी पोरं तयार करायचा. पुण्यातल्या पेठांतलं चित्र डोळ्यांसमोर आणा. स्वतः रग्बी आणि क्रिकेट खेळलेला. इंग्रजांचे खेळ त्याला परके नव्हते, उलट आतून माहीत होते. म्हणूनच त्याला दिसलं की मैदानावर कुणी यायचं आणि कुणी नाही, हे वरचे लोक ठरवतायत. अ‍ॅथलेटिक्सच्या स्पर्धांत मजूर, कारागीर यांना भाग घेता येऊ नये असे नियम असायचे. रविवारी स्पर्धा नाहीत, कारण तो धर्माचा दिवस. आता सहा दिवस शेतात राबणाऱ्याला रविवारशिवाय सुट्टी कुठली? म्हणजे त्याचा पत्ता आपोआप कट.

1 नोव्हेंबर 1884. टिपरारीतल्या थर्ल्स गावात हेज हॉटेलात एक बैठक झाली. हजर माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आमच्या मैदानाच्या बैठकीला त्याहून जास्त होती! त्यात क्यूसॅक होता, नावाजलेला खेळाडू मॉरिस डेव्हिन होता, तो पहिला अध्यक्ष झाला, आणि काही जण गुप्त क्रांतिकारी संघटनेचेही होते. त्या दिवशी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन जन्माला आली. तिकडं तिला जीएए म्हणतात. आश्रयदाते म्हणून तिघांना पत्रं गेली: आर्चबिशप क्रोक, कुळांच्या चळवळीचा नेता मायकल डेव्हिट आणि तो क्रिकेटवाला पार्नेल. तिघंही हो म्हणाले. आर्चबिशपनं उत्तरात खंत मांडली की आपण इंग्लंडकडून कापड, फॅशन, चालीरीती आणि आता खेळही आयात करायला लागलोय, आपल्या गोष्टींची आपल्यालाच लाज वाटते.

मराठी वाचकाला इथं पुढच्याच दशकातला आपला सार्वजनिक गणेशोत्सव आठवेल. सभा भरवली की पोलीस येतात. उत्सव भरवला, सामना भरवला तर काय करणार? इंग्रज पोलीस जीएएच्या बैठकांवरही नजर ठेवून असायचे.

आता नीट बघा, या लोकांनी केलं काय. भाषणं झालीच, पण त्याशिवाय तीन कामं झाली. एक, हर्लिंगचे आणि गेलिक फुटबॉलचे नियम लिहून काढले. दोन, सामने रविवारी ठेवले, म्हणजे मजूर आला, कूळ आलं. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, क्लब बांधला तो चर्चच्या पॅरिशवर. पॅरिश म्हणजे एका चर्चखालची चार-सहा खेडी. त्याच्या वर काउंटी, आपल्या जिल्ह्यासारखी. तुम्ही ज्या गावचे, त्या गावच्या क्लबचे. आणि चांगले खेळलात तर तुमच्याच काउंटीचे. खेळाडूनं जास्त पैशासाठी दुसरीकडं जायचं हा प्रकार नाही, कारण पैसेच नाहीत. त्यामुळे गावाचं भांडण, गावाची इभ्रत, सोयरीक, सगळं त्या पंधरा पोरांच्या अंगावरच्या जर्सीत आलं. जमीनदाराच्या हिरवळीवरचं क्रिकेट याच्यापुढं टिकणं अवघड होतं. त्यात जमीनदारांविरुद्ध कुळांचा लढा चाललेला. ज्याच्याशी खंडावरून भांडण, त्याच्याच अंगणात बॅटिंग कोण करणार?

हे सगळं सरळ रेषेत झालं असं नाही. दोन वर्षांत क्यूसॅकलाच सचिवपदावरून काढलं. पुढं पार्नेलच्या प्रकरणावरून देशात फूट पडली, तशी संघटनेतही पडली आणि 1890 च्या दशकात ती जवळपास कोलमडली. आपल्याकडच्या मंडळांची आठवण येते की नाही? पण पॅरिशचा क्लब होता, म्हणून पुन्हा उभी राहिली.

पुढचा इतिहास रक्ताचा आहे. 1918 साली इंग्रज सरकारनं फर्मान काढलं की सार्वजनिक कार्यक्रमांना परवाना लागेल, खेळांनासुद्धा. संघटनेनं ठरवलं, परवाना मागायचा नाही. 4 ऑगस्ट 1918, रविवार, दुपारी 3 वाजता देशभर एकाच वेळी सामने लावले. हजारो माणसं एकाच वेळी मैदानात. किती जणांना पकडणार? सरकार गप्प बसलं. खेळातून केलेला असा सविनय कायदेभंग मी दुसरीकडं वाचलेला नाही.

दोन वर्षांनी, 21 नोव्हेंबर 1920. स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं. सकाळी आयरिश क्रांतिकारकांनी डब्लिनमध्ये इंग्रजांच्या गुप्तहेर अधिकाऱ्यांना घरांत शिरून मारलं. दुपारी क्रोक पार्क मैदानावर डब्लिन विरुद्ध टिपरारी सामना होता. सरकारी फौज मैदानात घुसली आणि गर्दीवर गोळीबार केला. 14 जण गेले. त्यात लहान मुलं होती आणि टिपरारीचा खेळाडू मायकल होगन होता. तो मैदानावरच पडला. आज त्या स्टेडियमच्या एका स्टँडला होगनचं नाव आहे आणि अंतिम सामन्याचा कप त्याच स्टँडमध्ये उंचावला जातो. आता सांगा, त्या मातीवर खेळला जाणारा खेळ कुठल्या जाहिरातीनं हरवता येईल?

आणि आता बंदीची गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जीएएनं नियम पक्का केला: जो सभासद रग्बी, सॉकर, क्रिकेट किंवा हॉकी हे 'परदेशी' खेळ खेळेल, तो संघटनेतून बाहेर. नुसतं खेळणं नाही, बघायला गेलात तरी बाहेर. त्यासाठी दक्षता समित्या होत्या. तिची माणसं सॉकरच्या सामन्याला जाऊन गर्दीत आपलं कोण दिसतंय ते टिपायची. मग ते समितीवाले स्वतः तिथं काय करत होते, असं विचारायची सोय नव्हती.

याचा कळस 1938 साली झाला. डग्लस हाइड हे आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष. आयरिश भाषा जगवण्यासाठी आयुष्य घालवलेला माणूस, 1893 च्या गेलिक लीगचा पहिला अध्यक्ष, शिवाय जीएएचा आश्रयदाता. राष्ट्राध्यक्ष म्हणून ते आयर्लंड विरुद्ध पोलंड हा सॉकरचा सामना बघायला गेले. देशाची टीम खेळतेय, देशाचा राष्ट्राध्यक्ष जाणारच. जीएएनं त्यांना आश्रयदातेपदावरून काढून टाकलं! देशी संस्कृतीसाठी ज्यानं सगळ्यात जास्त केलं, त्यालाच देशीपणाच्या नियमाखाली बाहेर काढलं. बंदी एकदा घातली की ती असंच करते. माणूस कोण आहे, ते ती बघत नाही.

बंदीनं आणखी एक नुकसान केलं, त्याबद्दल कमी बोललं जातं. उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश पोलीस आणि सैनिकांना सभासद होता येत नव्हतं, तो नियम थेट 2001 पर्यंत होता. तिथला प्रोटेस्टंट समाज या खेळांपासून बहुतांशी लांबच राहिला. जे कुंपण आपल्या माणसांना आत ठेवायला घातलं, त्यानं शेजारीही कायमचा बाहेर ठेवला.

1971 साली बंदी उठली. तेव्हा पुष्कळांना वाटलं, संपलं आता. टीव्ही आलाय, इंग्लंडचे क्लब घराघरात दिसतायत, पोरं सॉकरला पळणार. झालं काय? पोरं सॉकर खेळली, हो. 1990 च्या वर्ल्ड कपमध्ये आयर्लंड उपांत्यपूर्व फेरीत गेलं तेव्हा अख्खा देश रस्त्यावर होता. रग्बीतही त्यांनी नाव काढलं. 2011 साली आपल्या बंगळुरूत त्यांनी वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडला क्रिकेटमध्ये हरवलं, ती केव्हिन ओब्रायनची खेळी आपण सगळ्यांनी बघितली. आणि हर्लिंग? गेलिक फुटबॉल? क्रोक पार्क आज 82 हजारांवर प्रेक्षकांचं स्टेडियम आहे आणि अंतिम सामन्याला भरतं. अख्ख्या बेटाची लोकसंख्या सत्तर लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एका मोठ्या शहराइतकी. आणि मैदानावर पगारी खेळाडू एकही नाही. कुणी शिक्षक, कुणी शेतकरी, कुणी पोलीस, कुणी सुतार. रविवारी 82 हजारांसमोर खेळायचं आणि सुट्टी संपली की परत शाळेत फळ्यासमोर.

24 फेब्रुवारी 2007 रोजी त्याच क्रोक पार्कवर आयर्लंड विरुद्ध इंग्लंड रग्बी सामना झाला. रग्बीचं मैदान दुरुस्तीला होतं आणि जीएएनं मोठ्या वादानंतर 2005 साली आपलं दार उघडलं होतं. होगन जिथं पडला तिथं इंग्लंडचं राष्ट्रगीत वाजणार होतं. काय होईल याची सगळ्यांना धास्ती. वाजलं, आणि प्रेक्षक आदरानं शांत उभे राहिले. मग आयर्लंडनं 43-13 असा इंग्लंडचा धुव्वा उडवला. ज्याला आपल्या घराची खात्री असते, त्याला पाहुण्याची भीती वाटत नाही.

म्हणजे बंदीनं खेळ जगवला नव्हता. बंदी उठून पन्नास वर्षं झाली तरी तो जगतोय. जगवला तो त्या क्लबांनी. दोन हजारांवर क्लब आहेत आणि त्यातल्या बहुतेकांचं मैदान स्वतःचं आहे. गावानं वर्गणी काढून, लॉटरी लावून जमीन घेतली आणि ती विश्वस्तांच्या नावावर करून ठेवली. सरकार बदललं, फॅशन बदलली, टीव्ही आला, मोबाइल आला, मैदान हललं नाही. त्यांनाही अडचणी आहेत. पश्चिमेकडच्या खेड्यांत पोरं डब्लिनला, ऑस्ट्रेलियाला जातात, पंधरा जण जमत नाहीत, मग शेजारच्या दोन गावांना मिळून टीम करावी लागते. पण मैदान तिथंच आहे, पोरांची वाट बघत.

आता आपल्याकडं. आपण आयर्लंडचा रस्ता घेतला नाही. आपण साहेबाचा खेळ घेतला आणि आपला करून टाकला. दलित समाजातून आलेले पळवणकर बाळू 1911 साली इंग्लंडच्या दौऱ्यात बॉलिंगनं गाजले आणि त्यांचे भाऊ विठ्ठल 1923 साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्या काळात ती केवढी मोठी गोष्ट होती! ते क्रिकेट आता इंग्रजांचं आहे असं कोण म्हणेल? जपाननंही बेसबॉलचं असंच केलं. त्यामुळे क्रिकेटला परकं म्हणून हाकलणं मला तरी पटत नाही.

आणि देशी खेळांच्या बाबतीत आपण काहीच केलं नाही असंही नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं खो-खोचे नियम बांधले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं 1936 साली बर्लिनमध्ये कबड्डी दाखवली. 1990 पासून कबड्डी एशियाडमध्ये आहे, 2014 पासून टीव्हीवर लीग आहे, आणि 2018 च्या एशियाडमध्ये तर इराणनं आपल्याला हरवलं, म्हणजे खेळ खरोखर जगाचा झाला. नियम आहेत, नाव आहे, पैसा आहे. मग गिरणगावातली आणि आमच्यासारख्या गावांतली मंडळं का बसली?

या प्रश्नाचं उत्तर मला परवा मिळालं आणि ते लाज वाटण्यासारखं आहे. आयर्लंडचं वाचून झाल्यावर मी आमच्या मंडळाच्या जुन्या अध्यक्षांच्या घरी गेलो. म्हटलं, "अण्णा, मैदानाचे कागद बघू." अण्णांनी ट्रंक काढली. त्यात ढाली होत्या, फोटो होते, 1980 च्या दशकातल्या स्पर्धांची हँडबिलं होती. मंडळाचा नोंदणी दाखला होता, पण त्यानंतर कार्यकारिणी चार वेळा बदलली तरी एकदाही बदल अर्ज भरलेला नाही. आणि जागेचा कागद? नव्हता. कधी मागितलाच नव्हता. "आपलंच मैदान आहे, कागद कशाला?" असं तेव्हा सगळे म्हणायचे, असं अण्णा म्हणाले आणि गप्प झाले.

क्रिकेटनं आमचं मैदान खाल्लं नाही, मित्रांनो. ते आम्ही आमच्या नावावर कधी करूनच घेतलं नव्हतं. टर्फवाल्यानं अर्ज तरी केला.

जागा भाड्यानं द्यायच्या ठरावावर हरकती द्यायला अजून मुदत आहे. मी हरकत लिहिलीय. तिच्यात क्रिकेटविरुद्ध एक शब्द नाही. मागणी एवढीच की जागा खेळासाठी राखीव म्हणून नोंदवावी, मंडळाला वापराचा लेखी करार मिळावा, आणि रविवार गावातल्या पोरांना फुकट असावा, खेळ कुठलाही असो. या मैदानावर जे खेळलेत त्यांच्याकडं जुनी पावती, वर्गणीचं पुस्तक, तारीख असलेला फोटो, हँडबिल, काहीही असेल तर येत्या रविवारी सकाळी 9 वाजता अण्णांच्या ओट्यावर घेऊन या. मुंबई-पुण्याला असलेल्यांनी फोटो काढून मला मेसेज करा.

त्या दहावीतल्या पोरालाही मी बोलावलंय. हरकतीवर सही करायचं त्याचं वय नाही, पण आपण कुणासाठी सही करतोय ते समोर दिसायला हवं.